पुढे माणूस असेल तर

६ मे

बस शेवटच्या थांब्याला लागली तेव्हा आत मी एकटाच उरलो होतो. ड्रायव्हरने माझी गळाच्या काठ्यांची पिशवी स्वतः उतरवून दिली आणि म्हणाला, आजोबा, यंदा बर्फ भरपूर पडलं, ओतोझावा ओढ्याला पाणी मस्त आहे, मासे तुमचीच वाट बघत बसलेत. बोलायची पद्धत असेल, पण बरं वाटलं. एकाहत्तराव्या वर्षी नव्या नोकरीवर निघालेल्या माणसाला कोणी काही चांगलं बोललं की बरंच वाटतं.

लॉजची मालकीण किनुए-सान रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती. साठीच्या आसपासची, आवाज असा की ओढ्यापलीकडच्यालाही ऐकू जावा. एका पिशवीत काठ्या दिसतायत, दुसरीत काय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, औषधं. तर हसत सुटली. म्हणाली, तोकु-सान, नोकरीला आलात की दवाखाना टाकायला? आधी वाईट वाटलं, मग मीही हसलो. गुडघ्याचं तेल, पोटाची पूड, डोळ्यांचे थेंब, सगळं लागतंच. उजवा गुडघा तर उतारावर हाताने धरूनच उतरावं लागतं.

खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. खिडकीतून ओढा दिसतो. तिकडे सावलीत अजून बर्फ आहे आणि वर बीचच्या झाडांना कोवळी पानं फुटलीत. काम ठरल्याप्रमाणे: शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना सकाळी ओढ्यावर न्यायचं, पिसांची माशी लावून गळ कसा टाकायचा ते दाखवायचं, इवाना मासा कुठे दबा धरून असतो ते सांगायचं आणि दुपारी सगळ्यांना धडधाकट परत आणायचं. किनुए-सानचा नवरा हे काम करायचा. तो दोन हिवाळ्यांपूर्वी गेला.

जेवायला कडू कळ्यांची भजी, भात आणि मिसोचं सार. सार खारट होतं. पहिल्याच दिवशी कसं सांगायचं?

मी शाळा पाचवीत सोडली. धड लिहायला शिकलो ते साठीकडे झुकल्यावर, एका पाहुण्याकडून. रोज चार ओळी लिहा म्हणजे अक्षर विसरणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. त्यांचं नाव आज लिहीत नाही. आजचा दिवस चांगला गेलाय.

११ मे

पहिले पाहुणे, दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या बायको. हात काम विसरला असेल, अशी मला धास्ती होती. नऊ वर्षं मी कुणाला ओढ्यावर नेलेलं नव्हतं. लाकडाच्या वखारीत फळ्या रचत होतो. कोणी ओढ्याचं नाव काढलं की गुडघा पुढे करायचो. वखार बंद पडली म्हणून इथे आलो.

पण हात विसरलेला नाही. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर, त्याच्या पाठीकडून जायचं. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. आपला दोरा लहान, काठी लांब, चक्री वगैरे काही नाही. माशी पाण्यावर टेकली की चार आकडे मोजायचे, नाही घेतली तर उचलायची. डॉक्टरांच्या गळाने सगळी झाडं पकडली. बाईंनी दुसऱ्याच डोहात वीतभर इवाना काढला, आणि नवऱ्याला म्हणाल्या, तुम्ही दातच उपटा, ते जमतं तुम्हाला.

त्यांना आमची रीतही सांगितली. ओढ्यावर जो आधी आला त्याचा ओढा. त्याला ओलांडून वर जायचं नाही, त्याच्या मागे मागेही जायचं नाही. मासे बिथरलेले असतात, आणि ते माणुसकीलाही धरून नाही. उन्हात दगड कोरडे असतात, त्यांच्यावर ओलं पाऊल दिसलं तर समजायचं की पाव तासापूर्वी इथून कोणी वर गेलंय. मुकाट्याने फिरायचं आणि दुसरा ओढा धरायचा. बाईंनी विचारलं, पाऊल अस्वलाचं असेल तर? मी म्हटलं, मग बाई, दगड बघत उभ्या राहू नका.

दोघं पोट धरून हसली. परत आल्यावर किनुए-सानने माझ्या वाट्याला लोणच्याची जास्तीची फोड ठेवली. इथे कोणी माझ्या जुन्या किरिसावा खोऱ्याबद्दल विचारत नाही, हे सगळ्यात चांगलं.

१७ मे

तिसऱ्या धबधब्यापाशी आज ओली पावलं दिसली. स्वच्छ ऊन, दगड तापलेले, आणि मधल्या दगडावर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तळाच्या बुटांचे ठसे, वर जाणारे. पाहुणा एकच होता, निवृत्त पोस्टमास्तर. रीतीप्रमाणे त्याला परत फिरवलं आणि खालच्या फाट्यात नेलं. तिथे त्याला दोन मासे मिळाले, कुरकुर नाही.

लॉजची गाडी चालवणारा आणि जंगलातून अळंबी आणणारा ग्योइची म्हणाला, आज वर कोणी गेलेलं नाही. सकाळपासून पुलावर तो गाडी धूत होता आणि वर जायला पुलावाचून वाट नाही. मी म्हटलं, पलीकडच्या खिंडीतून उतरला असेल. म्हणाला, खिंडीत अजून दोन पुरुष खोल बर्फ आहे, उतरला असेल तर हिममानव असेल, त्याला जेवायला बोलवू.

२२ मे

पुन्हा. आज तिसऱ्या धबधब्याच्या बरंच खाली. पाहुण्यांना मागे थांबवून मी वाकून बघितलं. पावलं परत येताना कधीच दिसत नाहीत. फक्त वर जाणारी.

डाव्या पायाच्या टाचेकडे नमद्याला फुलीची शिवण आहे. ओल्या ठशात ती फुली कोरडी उठते.

ती शिवण मी घातलेली आहे. कातडं शिवायच्या सुईने, मेणाच्या दोऱ्याने, आमच्या किरिसावाच्या घरी पायरीवर बसून.

२३ मे

आज पाहुणे नाहीत. सकाळपासून वही समोर घेऊन बसलोय. लिहून टाकतो.

पाहुण्याचं नाव वाकुई. नागाओकाच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. सात उन्हाळे किरिसावाला माझ्याकडे मासे धरायला आले; टाचेची ती फुली त्यांच्याच बुटाची. माझी बायको वारली तेव्हा तिच्या थडग्यावर काय कोरलंय ते मला वाचता येत नव्हतं. सरांनी संथ पाण्याकाठच्या वाळूत काडीने तिच्या नावाची अक्षरं काढून मला शिकवली. ज्या दिवशी मी थडग्यासमोर उभा राहून ती वाचली, त्या दिवशी मी त्यांना माझी जागा सांगितली.

जागा म्हणजे मोठ्या धबधब्यावरची घळ. तिथे मुळात एकही मासा नव्हता, तो धबधबा चढणारा मासा जन्माला यायचाय. माझ्या बापाने लाकडी बादलीत जिवंत इवाना घालून, बादली पाठीला बांधून, कडा चढून ते वर नेऊन सोडले. तीन उन्हाळे. मग त्या घळीवर आमचं घर जगलं. बापाने बजावलं होतं की ही जागा बायकोलाही सांगायची नाही. मी बायकोला सांगितली नाही. सरांना सांगितली.

नऊ वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मी दुसऱ्या पाहुण्यांबरोबर होतो आणि सर एकटेच घळीत गेले. दुपारी डोंगरात पाऊस झाला आणि लोंढा आला. सर परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं शोधायला जमली. पोलीस, आग विझवणारे, मासेमारी संघाचे. सगळ्यांनी मला विचारलं, सर कुठे गेले असतील?

मी म्हणालो, नागासावा.

नागासावा हा खालचा डावा फाटा. चाळीस माणसं घळीत चढली असती तर पुढच्या वर्षी तिथे शेपूटही उरलं नसतं. मला वाटलं, मी एकटा जातो आणि सरांना घेऊन येतो. खरंच वाटलं. पण दोन दिवस धबधब्याचं पाणी अंगावर येत होतं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि मी वर चढलो. घळीतल्या सपाट दगडापाशी पोचलो तर ओली पावलं होती. ताजी. डाव्या टाचेला फुली.

आणि मी परत फिरलो.

पन्नास वर्षांची सवय, पाय आपोआप वळले, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलोय. आज खरं लिहितो. सर भेटले असते तर त्यांनी पहिला प्रश्न केला असता, तोकु-सान, शोधणाऱ्यांच्या शिट्ट्या तिकडे नागासावात का वाजत होत्या? आणि बाजूला पोलीस उभा असता. उद्या जाऊ, असं म्हणत मी उतरलो. उद्या पाऊस होता. आठव्या दिवशी शोध थांबवला. सरांच्या बायकोने रिकाम्या कलशावर अंत्यविधी केला. मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

३० मे

या आठवड्यात चार वेळा पाहुण्यांना अर्ध्यावरून परत आणलं. आजचे तिघं चिडले. त्यातला एक म्हणाला की त्याला दगडावर काहीच दिसलं नाही. मी दाखवेपर्यंत वाळलं होतं.

किनुए-सानने चहाला बोलावलं आणि आवाज न चढवता बोलली, त्यानेच मी घाबरलो. म्हणाली, तोकु-सान, माझा नवरा पाहुण्यांना भर पावसातही डोहापर्यंत नेऊन आणायचा. तुम्ही भर उन्हात परत आणताय. तुम्हाला बरं नसेल तर तसं सांगा. दारापाशी ग्योइची होता. तो म्हणाला, अहो, त्यांना मासे नकोत, पावलं धरायचीत. पुढच्या वेळी जाळं द्या.

मी म्हटलं, डोळ्यांचा नंबर बदललाय.

पावलं आता पुलाच्या अलीकडे आहेत.

४ जून

पोस्टकार्ड आलं. वाकुई फुसानो. सरांच्या बायको. वखारीतल्या कोणीतरी त्यांना माझा पत्ता दिला. लिहितात की, तुम्ही पुन्हा ओढ्यावर जाता हे ऐकून आनंद झाला, मी नऊ तारखेला येते, मला एकदा ओढ्यावर घेऊन चला, त्यांना त्यात एवढं काय वाटायचं ते बघायचंय. शेवटी विचारलंय, गुडघा कसा आहे?

पोटाची पूड दोनदा घेतली. येऊ नका म्हणून फोन करावा का? काय कारण सांगू?

९ जून

सकाळी नऊलाच त्यांना घेऊन निघालो. केस पूर्ण पांढरे झालेत. किनुए-सानने त्यांना आपले बूट दिले. दोघींचं पहिल्या पाच मिनिटांत असं जमलं की जणू एका शाळेतल्या. नवऱ्यांच्या खोड्या सांगून हसत होत्या. फुसानो-सान म्हणाल्या, आमचे हे घरात पाण्याचा पेला उचलायचे नाहीत, आणि इथे म्हणे छातीभर पाण्यात उभे! किनुए-सान म्हणाली, आमचे तर वर गेलेत, तिथेही आधी पाणी कुठाय तेच विचारलं असेल.

वाटेत त्या मला सांगत होत्या की मी नऊ वर्षं एका गोष्टीवर तगून राहिले. सगळे म्हणाले, लोंढा आला त्याच क्षणी संपलं असणार, त्यांना कळलंही नसेल. घाबरायलाही वेळ मिळाला नसेल. खरं ना, तोकु-सान? तुम्हाला पाणी कळतं.

मी म्हणालो, खरं.

मग पहिल्याच वळणावर त्या थांबल्या. बोट दाखवून म्हणाल्या, अय्या, पुढे कोणीतरी आहे वाटतं.

त्यांना दिसली. दगडावर, लख्ख उन्हात, ओली. डाव्या टाचेला फुली. त्यांनी वाकून बघितलं पण फुलीचा अर्थ त्यांना ठाऊक नाही. मी म्हटलं, परत फिरू या, रीत आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, माहीत आहे, हे घरी आल्यावर अभिमानाने सांगायचे, पाऊल बघून जो परत फिरतो तो खरा सज्जन, हे मला तोकु-साननी शिकवलं.

आम्ही परत फिरलो. मी मागे होतो. मागे वळून एकदा बघितलं. पावलं पुढच्या दगडावर गेली नव्हती. तिथेच दोन्ही पाय जुळवून कोणी उभं असावं तशी होती, बोटं आमच्याकडे.

१० जून

त्या सकाळच्या बसने गेल्या. निघताना म्हणाल्या, हाडं सापडली असती तर बरं झालं असतं, माझ्यानंतर त्या रिकाम्या कलशाचं काय करायचं ते मुलीला कळायचं नाही. रडल्या नाहीत. सहज बोलल्या, पावसाबद्दल बोलावं तसं.

मी तेव्हा सांगू शकलो असतो. बस यायला दहा मिनिटं होती. पण तिसऱ्या दिवशी सर जिवंत होते, हे सांगितलं तर त्या कशावर तगणार? त्यांच्या भल्यासाठीच गप्प राहिलो.

हे वाक्य मी तीन वेळा खोडलं. तरी तेच लिहिलं गेलं.

१३ जून

पावलं न्हाणीघराच्या पायऱ्यांवर. भर दुपारी. किनुए-सान म्हणाली, कोण ओले पाय न पुसता फिरतंय? फडक्याने पुसून टाकली. पुसताना फुली तिच्या बोटाखाली—

तिला काही कळलं नाही. मला म्हणाली, बसा हो, चेहरा कसा झालाय. सार गरम करून दिलं. आज खारट लागलं नाही. कशाचीच चव लागली नाही.

१४ जून

जेवून खोलीत आलो तर चटईवर. माझ्या पांघरुणाच्या उशाशी सुरू होतात आणि दाराकडे जातात. दाराबाहेर, व्हरांड्यावरून, रस्त्याकडे. बसथांब्याच्या दिशेने.

माझ्या अंगावर ती येत नाहीत. कधीच आली नाहीत. पुढे जातात आणि थांबतात. मी फिरलो की तीही मागे, माझ्या आणखी जवळ. एवढंच करतायत महिनाभर.

कळलं मला. नाही असं नाही.

१५ जून

ठरवलं. किरिसावाला जातो. घळीत चढतो, सरांना घेऊन उतरतो. फुसानो-सानना सांगेन की लोंढ्याने वाहून आणलेली हाडं नागासावाच्या तोंडाशी गाळात सापडली. कलश भरेल, त्यांचा आधारही मोडणार नाही. माझंही—

म्हणून किनुए-सानलाही नागासावाच सांगितलं. जुन्या पाहुण्यासाठी उदबत्ती लावून उद्या संध्याकाळपर्यंत येतो म्हटलं. तिने तीन भाताचे गोळे बांधून दिले, आत आंबट मनुके. म्हणाली, एकटे पाण्यात उतरू नका हं, तोकु-सान, मला आणखी एका पुरुषाचे कपडे वाटून टाकायचे नाहीत. ग्योइचीने थांब्यापर्यंत सोडलं. आज तो एकदाही थट्टा करत नव्हता. विचारलं, नक्की नागासावाच ना? मी म्हटलं, नक्की.

घळीचं नाव आताही तोंडून निघालं नाही.

१६ जून, सकाळ

धबधबा चढलो. दोर जुन्याच झाडाला बांधला. गुडघा रडतोय पण मी वर आहे. पाण्यात इवाना आहेत, पुष्कळ, काळसर पाठीचे, बापाच्या बादलीतल्यांची नातवंडं-पतवंडं. माणसाला भीतच नाहीत. नऊ वर्षांत इथे कोणी आलेलं नाही.

ऊन आहे. दगड कोरडे. पावलं पुढे आहेत.

सपाट दगड आला. इथून फिरलो होतो. आज फिरलो नाही. एक पाय पुढे टाकला. मग दुसरा.

१६ जून, दुपार

सपाट दगडापासून फक्त चाळीस पावलं. चाळीस. मी मोजली.

कड्याखाली कोरडी कपार आहे. सर तिथे आहेत. भिंतीला टेकून. मांडीचं हाड मोडलेलं आहे, काठीचे दोन तुकडे करून त्याला बांधलेत. शेजारी माशांच्या काट्यांचा ढीग. भिंतीवर सुरीने ओढलेल्या रेघा आहेत. एका दिवसाची एक असावी. अकरा.

मी तिसऱ्या दिवशी आलो होतो.

रेघांच्या खाली लिहिलंय. मोठ्या, सुट्ट्या, सोप्या अक्षरांत, वाळूत मला शिकवायला काढायचे तशा. मला वाचता यावं म्हणून.

तोकु-सान येतील.

१६ जून, उशिरा, ऊन अजून आहे

आता खरं सांगणार. फुसानो-सानना सगळं सांगणार. नागासावा नाही. आधार मोडला तर मोडला, शिव्या देतील, तोंडावर थुंकतील, पण सांगणार. सरांना सदऱ्यात बांधलं. फार हलके आहेत. उचललं आणि दोन पावलं टाकली तोच दगड फिरला.

उजवा पाय. गुडघ्याखाली. हाड बाहेर आलेलं नाही, पण पाय भलतीकडे वळलाय.

धबधबा उतरणं शक्य नाही.

काही हरकत नाही. किनुए-सान वाट बघेल, मग फोन करेल. माणसं निघतील. त्यांना मी कुठे गेलो ते

त्यांना मी

१७ जून

तिने सांगितलं असणार. नागासावा. ग्योइचीही सांगेल, मी मुद्दाम विचारलं, आजोबा नक्की म्हणाले.

काठीवर रेलत एका पायाने पाण्यापर्यंत जातो, पितो, परत येतो. भाताचा एक गोळा उरलाय. इवाना हाताला लागतात, घाबरतच नाहीत. कच्चे खाल्ले. सरांनीही असंच—

भिंतीवर रेघ ओढायला सुरी उचलली आणि खाली टाकली. ओढणार नाही.

१८ जून

शिट्ट्या.

लांब. खाली डावीकडे, नागासावात. बरीच माणसं आहेत. कुत्राही आहे. मी ओरडलो. घसा फुटेपर्यंत. धबधब्याचा आवाज मध्ये आहे.

शिट्ट्या वर सरकत गेल्या, डाव्या फाट्याने, लांब लांब. असं ऐकू येतं तर. सरांना अकरा दिवस असं ऐकू येत होतं. नाही, आठ. आठव्या दिवशी थांबवलं. मग तीन दिवस काहीच नाही.

पाय काळा पडत चाललाय. सदऱ्याचं गाठोडं शेजारी घेऊन बसलोय. सर, मी आलो, असं म्हटलं. आलो ना?

१९ जून

ऊन. पाणी पिऊन आलो. माझी पावलं दगडांवर ओली आहेत, एकाच पायाची.

खाली सपाट दगडापाशी कोणीतरी आहे

माणूस आहे! कोणीतरी वर चढलं. गवती टोपी, पाठीला टोपली. शोधायला आलेला नाही, गळवाला आहे. मी हाका मारतोय. काठी हलवतोय. एका हाताने लिहितोय की

दगडाशी थांबला. वाकला. माझी ओली पावलं बघतोय.

अहो वर या. पुढे माणूस आहे म्हणूनच वर या. रीत गेली चुलीत. चाळीस पावलं फक्त

मान वर केली. इकडे बघितलं. नीट, माझ्याकडे. टोपी काढून वाकला, पुढच्या माणसाला मान द्यावा तसा

वळला. उजवा गुडघा हाताने धरून उतरतोय. मी असाच उतर— टोपली माझ्या— केस अजून अर्धे काळे

सगळं लिहिलं होतं, एक सोडून. नऊ वर्षांपूर्वी त्या तिसऱ्या दिवशी पाण्याचा आवाज एवढा नव्हता. वळलो तेव्हा वरून कोणीतरी माझ्या नावाने हाक मारत होतं, स्पष्ट, दोनदा, तोकु-सान, तोकु-सान, आणि मी ऐक